दुसऱ्या गिअरमधली वर्षं

औरंगाबादच्या गाड्यांचा विषय निघाला की बाहेरगावचे लोक हमखास 2010 चा ऑक्टोबर काढतात. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन तेव्हा एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या. देशभर बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मागास म्हणून ज्याची बोळवण व्हायची, त्या मराठवाड्याने छाती काढून दिलेलं ते उत्तर होतं. पण या शहराचं गाड्यांशी असलेलं नातं मला त्या रांगेपेक्षा दुसरीकडे जास्त दिसतं. वाळूजची पहिली पाळी संपवून दुपारी जुन्या झेनखाली आडव्या होणाऱ्या पोरांमध्ये दिसतं. गेल्या वीसेक वर्षांत या पोरांनी छोट्या गाड्या घेऊन ऑटोक्रॉसची मैदानं गाठली. त्यांच्यातलाच एक म्हणून मी हे लिहितो आहे.

या वेडाला जमीन तयार झाली ती 1985 मध्ये. बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची वस्ती उभी राहिली. एन्ड्युरन्स, व्हेरॉक ही आज देशाबाहेर पोचलेली नावं इथूनच वाढली. पुढे 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. दोन पिढ्या शॉकअप, ब्रेक, कास्टिंग, दिवे यांच्यातच वाढल्या. ब्रेकची डिस्क हातात घेऊन तिची जाडी मायक्रॉनमध्ये सांगणारी माणसं आमच्या गल्लीत राहतात. मात्र तीच डिस्क गाडीला बसल्यावर, चाक लॉक व्हायच्या नेमक्या आधीच्या क्षणी पायाला काय सांगते, हे अनुभवायला त्यांना जागा नव्हती. आमची सगळी धडपड त्या क्षणासाठी होती.

गाडी आधी परवडायला हवी. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, 796 सीसीची. आमच्या वडिलांच्या पिढीसाठी ती चैन होती, तिच्यावर प्रयोग करायची कुणाची छाती नव्हती. 1993 मध्ये झेन आली. 993 सीसीचं, 50 अश्वशक्तीचं इंजिन आणि वजन जेमतेम पाऊण टन. कागदावर ही अश्वशक्ती आज हसण्यासारखी वाटेल. पण हलकी गाडी थांबायलाही कमी जागा घेते आणि वळायलाही, हे झेन चालवणाऱ्याला पहिल्याच चौकात कळायचं. मग 1998 मध्ये सॅन्ट्रो आणि इंडिका आल्या, 2005 मध्ये स्विफ्ट आली, 2006 मध्ये झेनचं उत्पादन थांबलं. लोक नव्याकडे गेले तशा जुन्या झेन आमच्या आवाक्यात आल्या. त्या काळी माझ्या ओळखीत ज्याने ज्याने ऑटोक्रॉसला सुरुवात केली, त्याच्याकडे झेन, 800 किंवा एस्टीम यांपैकीच काहीतरी होतं, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून घेतलेलं.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे घरी समजावणं सगळ्यात अवघड गेलं. शर्यत म्हटलं की आई-वडिलांसमोर जालना रोडवर रात्री सुसाट जाणारी मुलं उभी राहायची. मला त्याचं उत्तर शंकरपटात सापडलं. आमच्याकडे पटात बैलजोडी धावते ती सेकंदांच्या हिशोबात, ठरलेलं अंतर किती वेळात कापलं त्यावर. ऑटोक्रॉसही तसंच. मोकळ्या मैदानात नारिंगी कोन आणि फक्की टाकून आखलेला वळणावळणाचा मार्ग असतो, त्यावर बहुधा एका वेळी एक गाडी सुटते, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. कुणाला ओव्हरटेक करायचं नाही, कुणाच्या अंगावर जायचं नाही. कोन पाडला की दंडाचे सेकंद वेळेत मिळवले जातात. किती, ते त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत असतं. अमेरिकेत हा खेळ सांभाळणाऱ्या एससीसीए या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा 1973 पासून चालते, तिथे एका कोनाला दोन सेकंद लागतात. मार्ग चुकला तर ती फेरीच बाद. वडिलांनी शंकरपट पाहिलेला होता. घड्याळाशी शर्यत म्हटल्यावर त्यांना लगेच उमगलं.

आपल्याकडे मोटारशर्यतींना जुना वारसा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर गाड्या पळत, मद्रासजवळच्या शोलावरमला पळत. 1980 मध्ये नाझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली उभी केली. नाशिकने तर 'रॅली ऑफ महाराष्ट्र'मुळे राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या नकाशावर जागा मिळवली. आम्ही या कशातच नव्हतो. रॅलीला रोल केज हवा, शेजारी नेव्हिगेटर हवा, मागे सर्व्हिसची गाडी हवी, टायरांचा ढीग हवा. ऑटोक्रॉसला हेल्मेट, ठणठणीत ब्रेक, धड सीटबेल्ट आणि प्रवेश फी एवढ्यावर भागायचं. मोटारस्पोर्ट क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची स्पर्धा असेल तर त्यांचा परवाना काढायचा. म्हणून पहाटे गाडी काढायची, नगरमार्गे पुण्याकडे किंवा वैजापूर-येवल्यावरून नाशिककडे जायचं, दिवसभर धूळ खायची आणि त्याच गाडीने रात्री परत यायचं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी कंपनीच्या गेटवर उभी. या खेळाचं मला सगळ्यात मोठं वाटणारं वैशिष्ट्य हेच आहे. भाजी आणणारी गाडी आणि स्पर्धेची गाडी एकच, त्यामुळे तिच्याबद्दल जे शिकता ते रोज उपयोगी पडतं.

मैदानावर पोचल्यावर आधी स्क्रूटिनी. बॅटरी घट्ट बसली आहे का, डिकीत सुटं काही नाही ना, हेल्मेट प्रमाणित आहे का, हे तपासून मगच नंबर चिकटवतात. जॅक, स्टेपनी, पायाखालचे मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं उतरवून एका ताडपत्रीवर ठेवायचं. मग मार्ग पायी बघायचा. नवखे यात गप्पा मारत फिरतात. मुरलेले लोक मात्र प्रत्येक वळणापाशी खाली बसून ड्रायव्हरच्या नजरेच्या उंचीवरून पाहतात, कारण उभं राहून सरळ वाटणारी कोनांची रांग सीटवरून नुसता नारिंगी गोंधळ दिसते. कुठला कोन आडवा पडलाय, त्याचं टोक कुठे रोखलंय, म्हणजे कुठल्या बाजूने जायचं, हे पाठ होईपर्यंत चालायचं.

आणि जमीन बघायची. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन झालेला मुरूम बहुतेक मैदानांवर असतो. त्याचा वरचा थर सैल, भाकरीवरच्या पिठासारखा. सुरुवातीच्या गाड्या तो थर उडवतात, खालची घट्ट जमीन उघडी पडते आणि पकड वाढते. दुपारनंतर वळणांवर चर पडतात, खालचे दगड वर येतात. सकाळी जिथून गाडी न्यावी तिथून दुपारी नेऊन चालत नाही. पाणी मारलं की पुन्हा सगळं बदलतं. एकाच दिवसात एकाच वळणाची इतकी रूपं पाहिल्यावर पावसाळ्यातल्या दौलताबाद घाटाकडे आणि औट्रम घाटाकडे मी वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो.

गाडी सुटते पहिल्या गिअरमध्ये. काही मीटरमध्ये दुसरा पडतो आणि छोट्या मार्गावर तो शेवटपर्यंत तसाच राहतो. सगळी कला त्या एका गिअरमध्ये असते. झेन काय नि स्विफ्ट काय, पुढची चाकं ओढणारी गाडी. म्हणजे ओढायचंही त्यांनीच आणि वळवायचंही त्यांनीच. टायरची पकड ठरावीक असते. स्टीअरिंग वळवलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं दोन्हीकडे पुरी पडत नाहीत आणि गाडीचं नाक वळणाबाहेर सरकतं. घाबरून स्टीअरिंग आणखी वळवलं तर आणखी सरकतं. उपाय उलटा आहे. पाय उचलायचा. पाय उचलला की वजन पुढे येतं, पुढची चाकं जमिनीला चिकटतात, मागची हलकी होतात आणि शेपूट फिरायला लागतं. ते हवं तितकंच फिरू द्यायचं आणि पुन्हा पाय द्यायचा. यू-वळणाच्या कोनाशी ब्रेक, स्टीअरिंग आत, क्लच दाबून हँडब्रेकचा एक झटका. मागची चाकं क्षणभर अडतात, गाडी कोनाभोवती गर्रकन फिरते, हँडब्रेक सोडून क्लच उचलायचा. हे लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी आत ते घडून जातं. आणि हे सगळं ताशी चाळीस-पन्नासच्या आसपास. चुकलं तर धुळीचा लोट, दोन कोन आडवे आणि मार्शल पोरगा ते उभे करायला पळत येतो. गाडीची आणि आपली हद्द इतक्या स्वस्तात दाखवणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

हवेचं गणित शिकवलं ते चिकलठाण्याच्या एका मिस्त्रींनी. डांबरी मैदानावर गाडी सोडायच्या आधी ते टायरच्या कडेला खडूने उभी रेघ मारायचे. फेरी झाली की वाकून पाहायचे, खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली असेल तर टायर वळणात दुमडतोय, हवा वाढवा. खांद्याच्या आधीच रेघ शाबूत असेल तर हवा जास्त आहे, थोडी काढा. मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा जरा जास्त हवा ठेवून ते गाडीचं शेपूट मोकळं करायचे. कुठल्या पुस्तकातून आणलेलं हे ज्ञान नव्हतं. पुढे कळलं की सातासमुद्रापारचे ऑटोक्रॉसवालेही अगदी अशीच खडूची रेघ मारतात.

छोट्या गाडीला कमी लेखणाऱ्यांना मी मिनीची आठवण करून देतो. तीन मीटरच्या जरा पुढे लांबी असलेल्या त्या गाडीने 1964, 1965 आणि 1967 मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडच्या मैदानांवर जिप्सीचा दरारा असायचा, पण वर्गवारी सीसीप्रमाणे असल्यामुळे 800 वाला 800 वाल्याशीच लढायचा. महिलांचा गट वेगळा असायचा, आणि त्यात वडिलांची अल्टो घेऊन आलेल्या मुली खुल्या गटातल्या कितीतरी पुरुषांपेक्षा कमी वेळ नोंदवून जायच्या. त्यांचा पाय हलका असायचा. मुरमावर हलका पायच लागतो.

मग काळ बदलला, काही कायद्याने, काही बाजाराने. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी करात स्वस्त झाली आणि भारतातली छोटी गाडी त्या रेषेत आखली जाऊ लागली. 2010 मध्ये स्विफ्टमधलं 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन जाऊन 1.2 लिटरचं आलं. स्पर्धकांना तो घाव लागला, कारण जुन्या इंजिनाचे सगळे स्वभाव त्यांना तोंडपाठ होते. गाडीत मनमानी फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावलं. मला हे योग्य वाटतं. हौशी माणसाने कंपनीतून आली तशी गाडी चालवून शिकावं. एक्झॉस्ट बदलण्याआधी ब्रेक कधी मारायचा ते बदलावं. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ही तर फार चांगली गोष्ट झाली. पण त्याच सुमारास उंच, जड गाड्यांची लाट आली, आणि हँडब्रेकच्या दांड्याच्या जागी काही गाड्यांत एक बटण आलं. पंधरा वर्षं उलटलेल्या झेनवर हरित कर बसला, पुन्हा नोंदणीचे हेलपाटे आले, सुटे भाग मिळेनात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या विकल्या. मीही.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि शहराला सावंगीहून ताशी 120 ची वाट मिळाली. टायर फुटून, झापड येऊन झालेल्या अपघातांच्या बातम्या त्यानंतर सतत वाचतो. सरळ रस्त्यावर 120 ला पोचायला काहीच कसब लागत नाही. पण त्या वेगात टायरने साथ सोडली तर काय करायचं, हे ज्याच्या अंगात एकदाही उतरलेलं नाही, अशा माणसाच्या हाती तो वेग येतो आहे. चार रविवार मुरमावर घालवून कुणी अपघातमुक्त होत नाही. पण गाडी सरकते म्हणजे काय, हे त्याला कमी वेगात कळलेलं असतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम 189 नुसार गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. बीड बायपासवर रात्री गाड्या पळवणाऱ्या मुलांना पोलिसांनी पकडावंच. फक्त पकडल्यावर त्यांना बोट करून दाखवता येईल, असं एक मैदान जवळ हवं.

आता विजेच्या गाड्या आल्या. छोटी ईव्ही पेट्रोलच्या भावंडापेक्षा जड, पण वजन तळाशी. पाय ठेवताक्षणी मिळणारी ताकद मुरमावर पुढची चाकं जागीच फिरवते, म्हणून पाय आणखी हलका लागतो. धूर नाही, आवाज नाही, त्यामुळे वस्तीजवळच्या मैदानालाही शेजाऱ्यांचा विरोध कमी राहील. बिडकीनला टोयोटा किर्लोस्करने येण्याचा करार 2024 मध्ये केला. म्हणजे पुढची पिढीही इथे गाड्यांच्याच कारखान्यांत काम करणार.

त्यांच्यासाठी मैदान हवं ते दीडशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद, म्हणजे सुमारे पावणेचार एकर. ऑटोक्रॉसचा एक चांगला मार्ग एवढ्यात बसतो. मधे खांब नको, कडेला मोकळी जागा हवी, रुग्णवाहिकेला आत-बाहेर करायला एक रस्ता हवा आणि डांबर नसलं तरी दाबून बसवलेला मुरूम चालतो. शनिवारी तिथे आरटीओने नव्या परवानाधारकांना ओल्या जमिनीवर ब्रेक मारायला शिकवावं, अभियांत्रिकीच्या पोरांनी आपली बाहा आणि फॉर्म्युला स्पर्धांची वाहनं चालवून पाहावीत, रविवारी आम्ही येऊ. शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक हे औद्योगिक शहर दहा हजार एकरांचं आहे.