जुळवलेली सायकल

अस्थिरोगतज्ज्ञाने मंडळाच्या स्मरणिकेत सायकलीविषयी लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. सायकलीवरून पडलेल्यांविषयी लिहिले असते तर ते अधिक शोभले असते, असेही एखादा सहव्यवसायी म्हणेल. तथापि गेल्या उन्हाळ्यात उधन्यातील एका सायकल-मिस्त्रीच्या दुकानात, लाकडी स्टुलावर बसून, मी जे काही रविवार घालवले, त्यांत मला आपल्याच शास्त्राची इतक्या वेळा आठवण झाली की हा लेख लिहिण्याचा मोह आवरला नाही.

निमित्त घडले ते आमच्या दवाखान्यातील कंपाउंडरच्या मुलाचे. हे कुटुंब मूळचे खानदेशातले, आता लिंबायतला स्थायिक झालेले. मुलगा अकरावीत. त्याचे मित्र पावसाळ्यात डांगच्या घाटांत सायकलीने जाणार होते आणि याला गिअरची, जाड टायरची, डोंगरात चालणारी सायकल हवी होती. चांगल्या नव्या सायकलीची किंमत बापलेकांच्या आवाक्याबाहेरची होती. मी पैसे देऊ केले, ते वडिलांनी शांतपणे नाकारले. “साहेब, त्याचे साठवलेले सहा हजार आहेत, दोनेक मी घालतो. तेवढ्यात होत असेल तर करू.” यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. ती रक्कम हीच आमची मर्यादा ठरली.

जुन्या-नव्या भागांची सायकल म्हणजे गरिबाची तडजोड, असा आपला समज असतो. वास्तविक ज्या सायकलीला जग आज ‘माउंटन बाइक’ म्हणून ओळखते, तिचा जन्मच भंगारातून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, माउंट तमालपाइस या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून काही तरुण जुन्या सायकली उधळत खाली आणीत. या सायकली १९३० च्या दशकातील श्विन कंपनीच्या, फुगीर टायरच्या, वजनदार पोलादी सांगाड्याच्या होत्या. अशा सायकली त्यांना कवडीमोलाने मिळत. त्यांच्या मागच्या चाकाच्या तुंब्यातच ब्रेक असे. लांब उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नाव पडले ‘रीपॅक’. तेथील पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. पुढे या मंडळींनी त्याच सांगाड्यांवर गिअर चढवले, मोटारसायकलीचे ब्रेकचे दांडे बसवले. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही नावे त्यातूनच पुढे आली. ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवा सांगाडा घडवण्यास आरंभ केला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. म्हणजे मिस्त्रीच्या दुकानात आम्ही जे करणार होतो, ते परंपरेला सोडून मुळीच नव्हते.

ज्या जुन्या सायकलीचे भाग काढून नवी उभी करतात, तिला इंग्रजीत या छंदातले लोक ‘डोनर’, म्हणजे दाता म्हणतात. हा शब्द कळल्यावर मला पुढचे सारे सोपे वाटू लागले. दाता शोधायला फार हिंडावे लागले नाही. आपल्या शहरातील कोणत्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली चार-दोन सायकली धूळ खात असतातच. मुले शिकायला परगावी गेली, सायकल राहिली. अडाजणच्या एका इमारतीत अठरा गिअरची, पोलादी सांगाड्याची, पुढे शॉकअप असलेली एक सायकल दीड हजारात मिळाली. मुलगा त्या शॉकअपकडे पाहूनच खूश झाला होता.

मिस्त्रीने सीटची दांडी उपसली आणि सायकल उलटी धरली, तेव्हा आतून वाळलेल्या गाळाची भुकटी खाली सांडली. आम्ही तिघेही क्षणभर गप्प झालो. ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर पाहिलेल्याला तो रंग ओळखायला वेळ लागत नाही. ती सायकल तेव्हा तळमजल्यावरच असणार. आता प्रश्न असा की, सांगाडा आतून कितपत खाल्ला गेला आहे? मिस्त्रीने पाना घेऊन प्रत्येक नळी ठोकून पाहिली. छाती ठोकून पाहावी, अगदी तसे. जेथे पत्रा शाबूत तेथे आवाज खणखणीत, जेथे तो पातळ तेथे बद्द. आमच्या दात्याचा आवाज सर्वत्र स्वच्छ होता. पायडलच्या धुरीखालचे पाणी निघण्याचे भोक मात्र गाळाने बुजले होते. ते मोकळे केले, आतून रॉकेलने धुतले आणि तेल फिरवले.

दुसरी तपासणी सरळपणाची. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा काढून तो पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा आणि मधल्या सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. अंतर सारखे तर सांगाडा सरळ. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पोलादात जाणकार कारागीर वाकवून काढू शकतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला मात्र हा उपचार करू नये. पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते, तिच्या आतला ताण ते वर्षानुवर्षे सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, त्यात प्रत्येक हिसका थोडाथोडा जमा होत जातो. म्हणून कमी पैशांत जुना सांगाडा घ्यायचा तर तो पोलादी घ्यावा, चार-दोन किलो अधिक ओढावे लागले तरी चालेल, असे माझे मत झाले.

त्यानंतर आला जुळणीचा प्रश्न, आणि पैसे वाया जातात ते येथेच. रक्त चढवण्यापूर्वी आपण जे पाहतो, तेच येथेही पाहावे लागते. गटाचे नाव एक असले म्हणजे जुळलेच असे नाही. टायरचेच घ्या. मिस्त्रीने पहिल्या दिवशी ‘सव्वीस’चे टायर आणले, ते रिमवर बसेचनात. सव्वीस बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश या टायरची बैठक ५९० मिलिमीटर व्यासाची असते. डोंगरी सायकलीचे जाड टायरही सव्वीसचेच, पण त्याची बैठक ५५९ मिलिमीटरची. नाव एक आणि फरक ३१ मिलिमीटरचा! टायरच्या कडेला हा तीन आकडी अंक बारीक अक्षरांत छापलेला असतो; खरा गट तोच. तीच गोष्ट मागच्या खाचांमधील अंतराची. डोंगरी सायकलीच्या मागच्या तुंब्याला बहुधा १३५ मिलिमीटर जागा लागते, साध्या एका दाताळ्याच्या सायकलीत ती बरीच कमी असते. त्यामुळे काळ्या घोड्यासारख्या आपल्या जुन्या सायकलीवर गिअर चढवण्याचा बेत कोणी केला तर त्याने आधी फूटपट्टी लावून पाहावी. उजवीकडची धुरीची वाटी आणि डावे पायडल यांचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसल्याने किती सांगाडे नासले असतील, कोण जाणे.

जुने काय ठेवायचे याचा निवाडा बराचसा मोजपट्टीवर होतो. चेनच्या बारा पूर्ण कड्या नवीन असताना बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच अधिक भरल्या तर चेन बदलावी. एक अष्टमांश अधिक भरल्या तर मागची दाताळीही झिजलेली समजावीत. आमची याहून लांब भरली. चेन चारशे, फ्रीव्हील साडेचारशे. रिमच्या कडा, जेथे ब्रेकचे रबर घासते, तेथे बोट फिरवले तर खोलगट लागत नव्हत्या, म्हणून रिम ठेवले. तीनशे रुपयांत मिस्त्रीने दोन्ही चाकांचा आउट काढला. त्याचे काम पाहत राहावे असे होते. स्पोक बोटांनी छेडून तो आवाजावरून ताण ओळखत असे. क्रँक, सीट, सीटची दांडी, गिअर बदलणारा मागचा भाग, हे सर्व जुनेच राहिले.

मग शॉकअपची पाळी आली. चिमटा सांगाड्यातून बाहेर काढून मी तो चिंधीने पुसला आणि वरच्या नळीच्या बुडाशी, जेथे ती खालच्या आडव्या भागात शिरते, तेथे केसासारखी एक रेघ दिसली. मिस्त्रीच्या मते ती रंगाची तड होती. “चालेल साहेब, दहा वर्षे काही होत नाही.” मी ती नखाने चाचपली. नख अडकले. रंगरूटांच्या नडगीला पडणारा ताणाचा तडा क्ष-किरणात असाच दिसतो. आहे म्हटले तर आहे, नाही म्हटले तर नाही. पण नडगीचा रुग्ण लंगडत येतो, चिमटा लंगडत नाही. तो उतारावर एका क्षणी तुटतो आणि स्वार तोंडावर आपटतो. असे जबडे, दात आणि मनगटे मी पाहिलेली आहेत.

मुलाचा चेहरा उतरला. शॉकअपचा नवा चांगला चिमटा घेणे बजेटमध्ये बसत नव्हते. स्वस्तात मिळतो तो खरे तर नळीत कोंबलेली स्प्रिंग असतो. तो उसळी शोषत नाही, परत करतो, आणि वजन वाढवतो. मी सरळ, बिनशॉकअपचा नवा पोलादी चिमटा सुचवला; नऊशे रुपये. “डॉक्टरकाका, मित्र हसतील,” तो म्हणाला. वडील काहीच बोलले नाहीत. शेवटी त्यानेच मान हलवली. चिमटा घेताना नळीचा व्यास व लांबी, ब्रेक अडकवायच्या खुंट्या आणि एकूण उंची जुन्याशी ताडून घेतली. उंची फार कमी झाली तर पुढचा भाग खाली झुकतो आणि हँडल चंचल होते. हँडल आणि त्याची मान, ब्रेक, तारा, टायर-ट्यूब हेही नवे घेतले. ज्या भागाने दगा दिला तर थेट माणूस मोडतो, तो भाग जुना घेऊ नये, एवढा एकच नियम मी हट्टाने पाळला. छर्रे, ग्रीस, धुरी धरून एकूण खर्च सात हजार अडीचशे झाला. हेल्मेट वाढदिवसाची भेट म्हणून मी दिले, ते मात्र कोणी नाकारले नाही.

पुढचे सर्वांत लहान दाताळे अठ्ठावीस दातांचे, मागचे सर्वांत मोठेही अठ्ठावीसचे. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दात असलेल्या साध्या सायकलीत हेच चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. घाटात गुडघे वाचतात ते या हिशेबाने. सीटची उंची लावणे मी मिस्त्रीवर सोडले नाही. पायडल तळाला असताना गुडघा साधारण पंचवीस ते तीस अंशांत वाकलेला असावा. सीट खाली ठेवून ‘पाय टेकले पाहिजेत’ असा आग्रह धरणारे पालक पुढे गुडघेदुखीची तक्रार घेऊन आपल्याकडेच येतात.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पूर्ण केली आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्या सायकलींची जात निराळी. पण आपल्या व्यवसायाला या यंत्राचे वावडे नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

जुलैमध्ये मुले टेम्पोत सायकली टाकून वघईला गेली आणि तेथून आहव्याच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी त्याचा फोन आला. चढावर गिअर घसरत होता, त्याने रस्त्याच्या कडेला बसून तारेचा ताण अर्धा आटा वाढवला आणि तो बसला. दोन मित्रांच्या नव्या कोऱ्या सायकलींचे ब्रेकही त्यानेच लावून दिले होते. शॉकअपविषयी तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

तो परत आल्यानंतरच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो, तेव्हा जुना चिमटा खिळ्याला टांगलेला दिसला. मिस्त्रीने तो रंगवून ठेवला होता. दोनशे रुपयांचे गिऱ्हाईक आले होते. मी दोनशे रुपये काढून स्टुलावर ठेवले आणि करवत मागितली. तो थोडा नाराज झाला, पण करवत त्यानेच चालवली, नेमकी त्या रेघेच्या बाजूने. पाव भाग कापला गेला असेल, तोच उरलेला भाग हाताने वाकवताच तुटला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग तपकिरी, जुन्या गंजाचा होता. उरलेला ताजा, चकचकीत. मिस्त्रीने दोन्ही तुकडे बराच वेळ उजेडात धरून पाहिले, मग दोनशे रुपये माझ्या खिशात परत कोंबले.