सामाजिक प्रश्नावरील निबंध : हळहळ आणि पुरावा

आपल्या धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुले सामाजिक प्रश्नावरील निबंध नजरेखालून घालण्यासाठी पुष्कळदा आपल्याकडे आणतात. त्यांत एक उणीव नित्य आढळते. व्यसन, कुपोषण वा बालविवाह यांविषयी दोन पाने हळहळ, आणि शेवटी ‘जनजागृती झाली पाहिजे’ हे वाक्य. यास उपाय म्हणता येत नाही. उपाय सुचविणे म्हणजे एक दावा करणे होय. आणि दाव्यास पुरावा लागतो.

असा पुरावा कसा उभा करावा, याचा वस्तुपाठ आम्हां बालाघाटकरांना फार दूर शोधावा लागत नाही. गोंदियाच्या पलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालमृत्यूचा प्रश्न सर्वांसच ठाऊक होता. बंग दांपत्याने तो बारीक केला : मुले कोणत्या वयात व कशाने दगावतात? नोंदींवरून दिसले की मृत्यूंचा मोठा वाटा पहिल्या २८ दिवसांतला आहे, आणि बाळंतपणे तर बहुतांशी घरीच होतात. तेव्हा उपायही घरापर्यंतच न्यायला हवा. त्यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण दिले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली.

ही तुलनेची गावे विद्यार्थ्याला मुद्दाम समजावून द्यावीत. मृत्यू नुसते घटले, एवढ्याने उपाय सिद्ध होत नाही. पीक चांगले आले किंवा रस्ता झाला, तरी ते घटू शकतात. प्रशिक्षणाच्या गावांत नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो घटला नाही. हा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

आक्षेपही होताच. अल्पशिक्षित स्त्रीने तान्ह्या बाळास इंजेक्शन द्यावे काय? आक्षेप मुळीच पोरकट नाही, आणि निबंधात तो पूर्ण बळाने मांडला पाहिजे. (आपली मुले नेमकी येथेच घाई करतात.) त्याला उत्तर आकड्यांनी मिळाले : जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहशुश्रूषेचा कार्यक्रम शासनाने देशभर हाती घेतला.

बैहरकडील बैगा वस्त्यांवर लिहू पाहणाऱ्या मुलाने म्हणून ‘आदिवासींचे कुपोषण’ हा विषय घेऊ नये. एका गावात तीन वर्षांत किती बाळंतपणे घरी झाली व का, एवढेच विचारावे; अंगणवाडीतील व दाईकडील माहिती ताडून पाहावी; आणि ज्या घरात मूल गेले, त्या घराचे नाव निबंधात घालू नये.