काळ्या मुशीवरचे काचेचे पांघरूण

पेन्सिलीच्या शिशात शिसे हा धातू मुळीच नसतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. ते असते ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. अक्कलकोटच्या पेठेत एखाद्या सोनाराकडे गेलात, तर हेच मिश्रण दुसऱ्या रूपात भेटेल. सोने आटवण्याची काळी मूस याच दोन पदार्थांची असते.

साध्या दाबाखाली ग्रॅफाइट वितळतच नाही. सुमारे 3600 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची एकदम वाफ होते. सोने तर 1064 अंशांवरच वितळते. मग अशी मूस जन्मभर टिकायला हवी! पण दर तावाला तिची कड पांढुरकी व ठिसूळ होते, भिंत झिजते. ती ऐन भट्टीत फुटली, तर गिऱ्हाइकाचे सोने निखाऱ्यांत जाते.

दोष उष्णतेचा नाही, हवेचा आहे. ग्रॅफाइट हा कोळशाचा सख्खा भाऊ. सुमारे 500 अंशांपासून ऑक्सिजन त्याला जाळू लागतो. लोखंडाचा गंज निदान जागेवर राहतो. येथे तयार होणारा वायू उडून जातो आणि मागे उरते नुसती माती. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळ्यांच्या थरांत रचलेले असतात. थराच्या सपाट अंगावर ऑक्सिजनचे फारसे चालत नाही. कडेच्या अणूंचे सगळे हात मात्र गुंतलेले नसतात. हल्ला होतो तो तेथे, आणि बारीक छिद्रांतून थेट आतवर.

आता प्रयोगशाळेतील टाकणखाराच्या मण्याची परीक्षा आठवा. ज्योतीत टाकणखार लाहीसारखा फुगतो, पाणी सोडतो आणि शेवटी त्याचा काचेसारखा मणी बनतो. (टाकण म्हणजे संस्कृतातील टंकण.) हा बोरॉनचा क्षार. सोनार तो घालतात मुख्यतः धातूतील मळ विरघळवण्यासाठी. पण नवी मूस तापवून तिला आतून टाकणाचा हात दिला, की भिंतीवर काचेचा पातळ थर बसतो. हात सढळ झाला तर मात्र हीच काच मुशीतील माती खाऊ लागते!

कारखान्यांतील युक्ती मला अधिक आवडते. पोलादाच्या भट्ट्यांसाठी मॅग्नेशिया व ग्रॅफाइट यांच्या विटा करतात. त्यांत बोरॉन कार्बाइडची पूड मिसळता येते. ती स्वतः ऑक्सिजन घेते आणि बोरॉनचा ऑक्साइड बनवते. तो मूळ पुडीच्या अडीच पटींहून अधिक जागा व्यापतो. शिवाय तो 450 अंशांवरच वितळतो, म्हणजे ग्रॅफाइट पेटण्याच्या आधीच! मग तो पाझरून छिद्रे बुजवतो आणि थरांच्या उघड्या कडाही झाकतो.

पण सुमारे 1000 अंशांच्या पुढे हे पांघरूण विरू लागते. हवेत बाष्प असेल तर त्याहून लवकर. म्हणून जोडीला सिलिकॉन कार्बाइड देतात. त्यापासून झालेली सिलिका बोरॉनच्या ऑक्साइडात मिसळून दाट, चिवट काच बनते. तुमचे बीकर ज्या बोरोसिलिकेट काचेचे असतात, तिचीच ही बहीण.

एके ठिकाणी मात्र ग्रॅफाइटजवळ बोरॉनला मज्जाव आहे, तो म्हणजे अणुभट्टीत. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो आणि अणुविखंडनाची साखळी तुटते. 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागोत फर्मी यांची पहिली अणुभट्टी चालली. तिच्यासाठी बोरॉनचा अंश शक्य तितका काढून टाकलेले ग्रॅफाइट मुद्दाम बनवून घ्यावे लागले होते.