थरारपट निवडताना : ‘आवडला’ हे कारण पुरत नाही

माध्यम अभ्यासाच्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.च्या प्रस्तावासाठी थ्रिलर घेणार असाल, तर तोंडी परीक्षेतला एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : ‘हेच चित्रपट का?’ ‘गाजले म्हणून’ किंवा ‘मला आवडले म्हणून’ हे उत्तर तिथे टिकत नाही. कारण निवड बदलली की निष्कर्षही बदलतो. म्हणून यादी करण्याआधी प्रश्न लिहून काढा.

समजा, तुम्ही तारकर्लीत बसून अभ्यास करताय. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. साहजिकच डोक्यात येतं, ‘कोकणातले थरारपट’ घेऊया. पण हा नुसता विषय झाला. प्रश्न असा हवा : कोकण-गोव्यात घडणाऱ्या थरारपटांत जागा कथेसाठी नेमकं काय काम करते? ती फक्त मागचा पडदा आहे, की ती बदलली तर कथाच कोसळेल?

आता तीन चित्रपट समोर ठेवू : ‘दृश्यम’ (हिंदी, २०१५), ‘तुंबाड’ (२०१८) आणि ‘दशावतार’ (२०२५).

पहिली चाळणी प्रकाराची. रहस्यपटात ‘कोणी केलं?’ हे आपल्याला माहीत नसतं. थरारपटात बऱ्याचदा माहीत असतं, आणि ‘आता पकडले जातील का?’ हा ताण असतो. निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’मध्ये खून आपल्यासमोरच होतो. गंमत म्हणजे एक माहिती शेवटपर्यंत आपल्यापासूनही लपवलेली असते. म्हणजे एकाच चित्रपटात ताण आणि धक्का, दोन्ही. ‘तुंबाड’मध्ये लोभ आहे, शाप आहे, राक्षस आहे, तो भयपटाकडे आणि लोककथेकडे झुकतो. मग तो घ्यायचा की नाही? दोन्ही चालेल, फक्त तुमची व्याख्या आधी लिहिलेली हवी. चित्रपट पाहून व्याख्या वाकवायची नाही.

दुसरी चाळणी तुलनेची. एकटा चित्रपट फार बोलत नाही, जोडी बोलते. ‘दृश्यम’ मूळ मल्याळम, २०१३ चा. तिथलं ख्रिस्ती कुटुंब केरळच्या डोंगराळ भागात राहतं; हिंदीत ते गोव्यातलं साळगावकर कुटुंब झालं. तरी कथा कोसळली नाही. का? कारण तिला समुद्र लागतच नाही. तिला लागतं ते छोटं गाव, जिथे बसचा कंडक्टर आणि हॉटेलवाला चेहरा लक्षात ठेवतात. उलट ‘दशावतार’मधला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलाकार उचलून दुसरीकडे नेऊन बघा. जमत नाही. इथे जागा म्हणजे लोककला आणि ती जगणारी माणसं. बघा, जोडी लावल्यावरच हा मुद्दा हाती आला. मराठी सिनेमाच्या इतिहासात रस असेल, तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि त्यावरून झालेला ‘मेरा साया’ (१९६६) ही जोडी उत्तम आहे.

तिसरी चाळणी वगळण्याची. काय घेतलं याच्याइतकंच काय सोडलं हेही लिहा. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) कोकणातलीच, पण ती मालिका. रोज थोडाथोडा पुरवलेला ताण आणि दोन-अडीच तासांतला ताण यांची रचना वेगळी असते. हे एक वाक्य प्रस्तावात असलं की पुढचे अर्धे प्रश्न गळतात.

आणि हो, संख्या लहान ठेवा. बारा चित्रपट एकेकदा पाहण्यापेक्षा तीन चित्रपट चारदा पाहिलेले बरे. प्रत्येक प्रसंगासाठी वहीत तीन रकाने आखा : प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय, आणि तपास करणाऱ्याला काय. ताण कुठून येतो ते या रकान्यांमधल्या फरकात दिसतं. अधिकृत प्रत पुन्हा पुन्हा पाहता येईल ना, हेही आधीच तपासा.

शेवटी एक गोष्ट, खास किनाऱ्यावरच्या मुलांसाठी. तुम्ही फक्त भुताखेतांचेच चित्रपट निवडलेत, तर ‘कोकण म्हणजे भीती’ हा निष्कर्ष तुमच्या यादीनेच काढलेला असेल, अभ्यासाने नव्हे. उद्या कुणीतरी तो संदर्भ म्हणून वापरेल. तेव्हा आज रात्री यादी नको, आधी प्रश्न लिहा. एकच, पण नीट.