एकचाकी सायकल : समतोलाचा अभ्यास

तंजावरची डोलणारी बाहुली पुष्कळांनी पाहिली असेल. कागदाचा लगदा आणि माती यांची ही राजाराणीची जोडी नवरात्रात दक्षिणेतील अनेक घरी कोलूच्या पायऱ्यांवर मांडली जाते. तमिळ भाषेत तिला ‘तलैयाट्टि बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली, असे म्हणतात. तिला कोणत्याही बाजूस लोटावे. ती कलते, डोलते आणि अखेरीस पुन्हा ताठ उभी राहते. लहान मूल तिला आडवी निजवू पाहते आणि दर वेळी हरते.

या बाहुलीच्या नेमक्या उलट स्वभावाचे एक वाहन आहे. ते एका चाकाच्या सायकलीचे होय. सोयीसाठी तिला आपण ‘एकचाकी’ म्हणू. बाहुली पडू म्हटले तरी पडत नाही, तर एकचाकी उभी राहू म्हटले तरी उभी राहत नाही. असे असूनही माणूस तिच्यावर बसतो, चालवतो, वळतो आणि मागेही जातो. हे कसे साधते, आणि नवशिक्याने त्याचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

स्थिर आणि अस्थिर समतोल

प्रत्येक वस्तूत असा एक बिंदू कल्पिता येतो की, वस्तूचे सर्व वजन जणू त्या एकाच ठिकाणी एकवटले आहे. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. तंजावरच्या बाहुलीचे बूड जड आणि गोलाकार असते. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य अगदी खाली असतो. बाहुली कलली की हा बिंदू किंचित वर उचलला जातो. वर उचललेली वस्तू खाली येऊ पाहते, आणि खाली येण्याचा तिचा मार्ग म्हणजेच पुन्हा सरळ होणे. हा स्थिर समतोल होय.

एकचाकीवरील स्वाराचा गुरुत्वमध्य त्याच्या बेंबीच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असतो. खाली आधार मात्र चाक जमिनीस जेथे टेकते तेवढ्याच चिंचोळ्या जागेचा. येथे जरासा कल झाला की गुरुत्वमध्य खाली येऊ लागतो आणि कल वाढतच जातो. हा अस्थिर समतोल होय. तो एकदा साधून स्वस्थ बसता येत नाही. तो क्षणोक्षणी नव्याने साधावा लागतो.

यासाठी तंजावर परिसरातच दोन चांगले दाखले आहेत. करगम नृत्यात नर्तक डोक्यावर सजवलेला घट घेऊन नाचतो. तो घटाला हात लावीत नाही. घट ज्या बाजूस कलेल त्या बाजूस स्वतःचे डोके नेतो. दुसरा दाखला ‘पोय्क्काल कुदिरै’ या नृत्याचा. नर्तक पायांना लाकडी पाय बांधतो आणि कमरेभोवती घोड्याचा पोकळ सांगाडा अडकवून राजाराणीचा स्वार नाच करतो. 1676 च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावरात राज्य स्थापिले आणि ते 1855 पर्यंत टिकले. या मराठी राजवटीशी या नृत्याचा संबंध जोडला जातो. लाकडी पायांचा आधार इतका लहान असतो की त्यांवर निश्चल उभे राहणे अवघड जाते. म्हणून नर्तक पावले टाकीतच राहतो. एकचाकीचे सारे रहस्य या दोन गोष्टींत सामावले आहे : कललेल्या देहाखाली आधार न्यावयाचा, आणि थांबावयाचे नाही.

यंत्राची रचना

एकचाकीत चाक, दोन क्रँक, दोन पायडले, चिमटा आणि बैठक एवढेच भाग असतात. साखळी नसते, फ्रीव्हीलही नसते. क्रँक थेट चाकाच्या आसाला जोडलेले असतात, त्यामुळे पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. पाय थांबले की चाक थांबते. पाय उलटे फिरले की चाक मागे जाते. नेहमीच्या सायकलीवर पाय स्वस्थ ठेवून उतारावरून जाण्याची सवय असलेल्यास हे प्रथम विचित्र वाटते. पण याच रचनेमुळे स्वाराला चाक पुढे किंवा मागे हवे तेवढे नेता येते.

पुढे तोल गेला तर पाय जलद चालवावेत, म्हणजे चाक देहाखाली येते. मागे तोल गेला तर पायडलांना विरोध करून चाकाची गती कमी करावी. तोल बाजूस गेला तर कंबर पिळून चाक त्याच बाजूस वळवावे. दुचाकीवरही आपण हेच करतो. तेथे हँडल असते, येथे कंबरच हँडलाचे काम करते.

वेळेचा हिशेब

तळहातावर लांब काठी उभी धरता येते, पण पेन्सिल धरता येत नाही. याचे कारण वेळेत आहे. गुरुत्वमध्य एक मीटर उंच असेल, तर कल सुमारे पावणेतीन पट होण्यास अदमासे 0.3 सेकंद लागतात. तोच 10 सेंटिमीटर उंच असेल, तर केवळ 0.1 सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. म्हणून पेन्सिल हातातून निसटते, काठी सावरता येते.

एकचाकीवरील स्वार काठीच्या वर्गात मोडतो, पण सवड फारच थोडी असते. ‘मी पुढे कलत आहे, आता पाय जलद चालवावेत’ असा विचार करण्यास तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून पुस्तक वाचून ही विद्या येत नाही. कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका, स्नायू व सांधे यांतून येणाऱ्या संवेदना आणि डोळे यांची वार्ता लघुमेंदू एकत्र करतो आणि जाणीवपूर्वक विचार होण्याआधीच स्नायूंना योग्य हालचाल करावयास लावतो. हा मार्ग पडण्यासावरण्याच्या पुष्कळ आवृत्तींनीच घडतो. 2004 साली जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की, तीन चेंडू झेलण्याचा तीन महिने सराव केलेल्या प्रौढांच्या मेंदूच्या काही भागांत मोजता येईल अशी वाढ झाली होती. सराव सोडल्यावर ती कमी झाली. प्रौढ वयातही मेंदू शिकतो, हे यावरून दिसून येते.

अभ्यासाचा क्रम

नवशिक्याने 20 इंची चाकाची एकचाकी घ्यावी. बैठक इतक्या उंचीवर असावी की, पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली म्हणजे पाय जवळजवळ सरळ होईल. डोक्यास हेल्मेट, मनगटांस संरक्षक पट्टे आणि पायांत घट्ट बूट असावेत. बुटांचे लोंबते बंद क्रँकमध्ये अडकतात.

प्रथम उतरण्यास शिकावे. बैठकीचा पुढील भाग हाताने धरून मागे पायांवर उतरण्याचा सराव पुनःपुन्हा करावा. एकचाकीवरून बहुधा माणूस पायांवरच उतरतो. हे अनुभवास आले की भीती पुष्कळ कमी होते. भीती हाच या विद्येतील खरा अडसर आहे, कारण भ्यालेला माणूस अंग ताठ करतो, खाली चाकाकडे पाहतो आणि पायडलांवर उभा राहू लागतो. या तिन्ही चुकांनी तोल जातो.

नंतर भिंत किंवा कठडा धरून चढावे. चाकामागे वीट ठेवून मागील पायडलावर पाय द्यावा, म्हणजे चाक मागे सरकत नाही. वजन बैठकीवर असावे, पायडलांवर नव्हे. पाठ सरळ, दृष्टी दूर समोर. आरंभी पायडले आडवी असावीत, कारण ती उभ्या रेषेत आली की पायाचा जोर चाकाला फिरवू शकत नाही. मग कठडा धरूनच अर्धा अर्धा फेरा पुढे जावे.

पुढील पायरी कठडा सोडण्याची. शरीर किंचित पुढे झुकवून निघावे आणि फेरे मोजावेत. 20 इंची चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे 1.6 मीटर अंतर कापले जाते. आज दोन फेरे, उद्या तीन, अशी नोंद ठेवावी. रोज अर्धा तास हा सराव आठवड्यातून एकदा चार तास करण्यापेक्षा अधिक फलदायी असतो, कारण शिकलेले पक्के होण्यास विश्रांती व झोप यांचीही गरज असते. दहा वेळा पडल्याची खंत करू नये. प्रत्येक पडण्यात लघुमेंदूस एक दुरुस्ती मिळालेली असते.

आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघाने कौशल्याच्या दहा पायऱ्या ठरविल्या आहेत. आधाराविना चढून 50 मीटर, म्हणजे सुमारे 31 फेरे, जाणे आणि नीट उतरणे हा पहिल्या पायरीचा गाभा आहे. पुढे वळणे घेणे, एकाच जागी चाक अर्धा फेरा मागेपुढे झुलविणे आणि मागे जाणे ही कौशल्ये येतात.

रिंगणाबाहेर

आपल्याकडे बहुतेकांनी हे वाहन पाहिले ते सर्कशीत. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली मुंबईत आपल्या सर्कशीचा खेळ केला आणि भारतीय सर्कशीचा पाया घातला. परंतु पुढील काळात सर्कशीतील अशी कौशल्ये अनेक मुलांनी घरापासून दूर, पोटासाठी आत्मसात केली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यास मनाई केली, ती योग्यच होती. मात्र या विद्येने मुलांपासून दूर जावे असा त्याचा अर्थ नाही. जपानमधील अनेक प्राथमिक शाळांत एकचाकी हा पटांगणावरील खेळ आहे. मूल तेथे स्वतःच्या इच्छेने चढते आणि कंटाळा आला की उतरते.

शाळेचे पटांगण, एक कठडा आणि हात धरणारा एक वडीलधारा एवढे मिळाले तर आपल्याकडेही मुलांना हा खेळ असाच शिकता येईल. पडल्यावर पुन्हा चढावयाचे की नाही, हे मात्र मुलालाच ठरवू द्यावे.