एव्हरेस्ट बेस कॅम्पला केव्हा जावे?

एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट वर्षाचे बाराही महिने खुली असते. तरीही ती जिथून सुरू होते त्या लुक्ल्याच्या चिमुकल्या विमानतळावर पाठीवर सॅक घेतलेल्या माणसांची झुंबड वर्षातून दोनदाच उडते. एकदा मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत. हे दोन हंगाम वाऱ्यांनी ठरवलेले आहेत. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे मोसमी वारे आणि हिवाळ्यात शिखरांच्या उंचीवर पश्चिमेकडून घोंगावणारा जेट स्ट्रीम, या दोघांच्या राज्यांमध्ये जी उसंत मिळते, तिलाच डोंगरातली माणसे हंगाम म्हणतात.

महाराष्ट्रातल्या भटक्यांना इथे एक जुनी सवय मोडावी लागते. सह्याद्रीत पहिला पाऊस पडला की पावले आपोआप गडांकडे वळतात. धबधबे, धुके, हिरवे कडे यांसाठी लोक वर्षभर वाट पाहतात आणि मे महिन्यात तापलेल्या कातळावर सहसा कोणी जात नाही. हिमालयाच्या दक्षिण उतारावर हे गणित नेमके उलटे होते. तिथे मे चालण्याजोगा असतो आणि जुलै टाळण्याजोगा.

मोसमी पाऊस नेपाळमध्ये पूर्वेकडून शिरतो. साधारण जूनच्या मध्याला तो येतो, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी जातो, आणि देशातल्या वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस याच काळात पडतो. बेस कॅम्पच्या वाटेवर या दिवसांत खालच्या जंगलात जळवा असतात, पायवाटा निसरड्या होतात, दरडी कोसळतात. त्याहून मोठी अडचण विमानाची. लुक्ला २,८६० मीटर उंचीवर आहे आणि तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब, चढती, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला खोल दरी अशी आहे. वैमानिकाला ती डोळ्यांनी स्पष्ट दिसली तरच विमान उतरते. ढग खाली आले की उड्डाणे थांबतात, कधी एक दिवस, कधी सलग चार-पाच दिवस. आणि एवढे सोसून वर पोहोचलेल्याला समोर एव्हरेस्ट असूनही दिसते ती पांढरी भिंत.

पावसापूर्वीच्या हंगामाला, म्हणजे आपल्या वसंत-ग्रीष्माला, स्वतःचे वैभव आहे. मार्चच्या उत्तरार्धापासून नामचे बाजार (३,४४० मीटर) ते तेंगबोचे (३,८६० मीटर) या टप्प्यातल्या रानांत गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलू लागतो. लाल गुरांस हे नेपाळचे राष्ट्रीय फूल. एप्रिलमध्ये या फुलांनी लाल-गुलाबी झालेले उतार आणि त्यामागे आमा दबलामचे शिखर हे दृश्य दुसऱ्या हंगामात मिळत नाही. बेस कॅम्पला खरोखर तळाचे रूप येते तेही याच काळात. एव्हरेस्टवर चढाई करणाऱ्या मोहिमा बहुतेक वसंतातच असतात, त्यामुळे ५,३६४ मीटरवरच्या त्या दगडगोट्यांच्या हिमनदीवर एप्रिल-मेमध्ये शेकडो तंबूंचे गाव वसते. ऑक्टोबरात तिथे पोहोचणाऱ्याला बहुधा पताका आणि दगडांचे ढिगारे एवढेच भेटतात.

मोहिमा वसंतातच का, याचे उत्तर जेट स्ट्रीममध्ये आहे. हिवाळाभर हा वेगवान वारा थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर आदळत असतो. मे महिन्यात मोसमी वारे जवळ येऊ लागले की तो उत्तरेकडे सरकतो आणि पाऊस पोहोचण्याआधी काही दिवस शिखरावर वारा पडतो. १९५३ साली तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी शिखर गाठले ते २९ मे रोजी, याच फटीतून. आजही बहुतेक चढाया मेच्या मध्यापासून अखेरीपर्यंतच्या मोजक्या दिवसांत उरकतात.

वसंताची उणीव हवेतल्या धुरकटपणात आहे. पावसाविना गेलेल्या महिन्यांची धूळ आणि जंगलांतल्या वणव्यांचा धूर मार्च-एप्रिलमध्ये खालच्या खोऱ्यांत साचतो. मे उजाडला की दुपारी ढग चढू लागतात. म्हणून या दिवसांत पहाटे लवकर निघून दुपारच्या जेवणापर्यंत मुक्काम गाठण्याची शेर्पांची रीत पाळणे शहाणपणाचे.

पाऊस ओसरल्यावर हवा धुऊन निघालेली असते. ऑक्टोबरचे आकाश इतके नितळ असते की काला पत्थर (सुमारे ५,५५० मीटर) या टेकडीवरून एव्हरेस्टच्या खडकाळ माथ्यावरच्या रेघा मोजाव्यात. दिवसा चालताना ऊन सुखद, पाऊस क्वचित, पाऊलवाटा सुकलेल्या. सर्वाधिक पर्यटक याच महिन्यात येतात यात नवल नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागते. नामचेच्या वर लॉजमध्ये खोली मिळेनाशी होते आणि जेवणघरातल्या बाकांवर झोपण्याची वेळ येते. काठमांडूचा विमानतळ अपुरा पडतो म्हणून गर्दीच्या महिन्यांत लुक्ल्याची बरीच विमाने रामेछापजवळच्या मंथली विमानतळावरून सुटतात. त्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीने निघून चार-पाच तासांचा घाटरस्ता तुडवावा लागतो. शिवाय याच दिवसांत नेपाळचा सर्वांत मोठा सण दशैं येतो. आपली नवरात्र आणि दसरा तोच त्यांचा दशैं, आपली दिवाळी तोच तिहार. भरिये, म्हणजे ओझी वाहणारी माणसे, दशैंला आपापल्या गावी जातात आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात. ज्यांच्या खांद्यांवर ही सारी भटकंती उभी आहे त्यांनी सणाला घरी असावे हेच योग्य. जाणाऱ्यानेच तारखा पंचांग पाहून ठरवाव्यात. शरदाचा आणखी एक लाभ तेंगबोचेच्या मठात मिळतो. तिथला मणी रिम्दू हा मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरतो.

ऑक्टोबरच्या लौकिकावर डोळे मिटून विसंबणे मात्र जिवावर बेतू शकते. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठण्याचे हेच दिवस. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत दोनच दिवसांत अन्नपूर्णा परिसरात पोहोचले आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसपास तुफान बर्फ पडले. ऐन हंगामात, स्वच्छ आकाशाच्या भरवशावर निघालेल्या चाळीसहून अधिक माणसांचा त्यात मृत्यू झाला. त्यांत ट्रेकर होते, वाटाडे होते, भरिये होते, स्थानिक लोकही होते. वादळ हजार किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर असले तरी त्याची बातमी डोंगरात असलेल्यांच्या कामाची असते. उपसागरात वादळ असताना उंच खिंड ओलांडायला निघू नये.

नोव्हेंबरमध्ये हा धोका पूर्ण टळत नाही, पण हवा अधिक स्थिर होते. गर्दी ओसरते, आकाश तितकेच निळे राहते, फक्त थंडी वाढते. पहिल्यांदाच जाणाऱ्याला नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत भरवशाचे. थंडीवर कपड्यांनी मात करता येते, ढगांवर आणि गर्दीवर करता येत नाही.

थंडीचा अंदाज आधीच घेतलेला बरा. दर हजार मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नुसत्या उंचीचा हिशेब केला तरी समुद्रसपाटीला ३० अंश असताना बेस कॅम्पच्या उंचीवर उणे ५ अंश येतात, आणि रात्र व वारा त्यात आणखी भर घालतात. डिसेंबर ते फेब्रुवारी गोरक शेपसारख्या (सुमारे ५,१६० मीटर) शेवटच्या मुक्कामावर रात्री पारा उणे २० च्या घरात जातो. नळ गोठतात, वरचे अनेक लॉज कुलूप लावून मालक खाली उतरलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी झंझावातांमुळे बर्फ पडते आणि चो ला सारख्या ५,४०० मीटरच्या आसपासच्या खिंडी बंद होऊ शकतात. एकांत मात्र अपूर्व मिळतो. अनुभवी आणि पुरते सज्ज असलेल्यांनीच या वाटेला जावे.

हिवाळ्याचा एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही, तो फुफ्फुसांना कळतो. थंड हवा आकसते, त्यामुळे उंचीबरोबर हवेचा दाब थंडीत अधिक झपाट्याने घटतो. म्हणजे तीच जागा जानेवारीत शरीराला जुलैपेक्षा थोडी अधिक उंच भासते. बेस कॅम्पवर मुळातच समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. हंगाम कितीही चांगला निवडला तरी हे बदलत नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम बाराही महिने लागू आहे. इतका फरक मात्र नक्की पडतो की १९७३ पासून काम करणाऱ्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे वाटेवरच्या फेरिचे इथले उपचार केंद्र वसंत आणि शरद या दोन हंगामांतच चालते. अवेळी जाणाऱ्याला विरळ हवेचा आजार झाला तर जवळ डॉक्टर सापडण्याची शक्यताही कमी.

ज्यांना सुटी पावसाळ्यातच मिळते त्यांनी डोंगर बदलावा. अन्नपूर्णा आणि धौलागिरी या अजस्र भिंती मोसमी ढग अडवतात, त्यामुळे दक्षिणेकडे पोखऱ्याजवळच्या लुम्ले इथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भिंतीपलीकडचे मुस्तांग जवळपास वाळवंट राहते. मुस्तांग, डोल्पो आणि आपले लडाख हे पर्जन्यछायेतले प्रदेश. लेहला वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हाच लडाखमधल्या मारखा खोऱ्याचा हंगाम. तिथेही गाफील राहता येत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीचे तर सारे उलटेच. ती भर पावसात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सर्वाधिक फुलते. कोरडा महिना पाहून जाणाऱ्याच्या वाट्याला तिथे सुकलेले गवत येईल. आणि झांस्करच्या गोठलेल्या नदीवरची चादर जानेवारी-फेब्रुवारीखेरीज अस्तित्वातच नसते.

शाळांच्या सुट्या पाहून जाणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे प्रत्यक्षात मे आणि दिवाळी हेच दोन पर्याय असतात. मेमध्ये जायचे तर पहिला पंधरवडा गाठावा, पुढे ढग वाढत जातात. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये येत असल्याने ती बहुतेक वर्षी चांगल्या हवेत पडते, फक्त लॉज आणि विमानाची तिकिटे काही महिने आधी पक्की करावी लागतात. लुक्ल्याहून बेस कॅम्पला जाऊन परत यायला बारा दिवस धरावेत आणि त्यानंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. घरी परतण्याचे मोठे विमान लुक्ल्याच्या छोट्या विमानाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवले, तर एखादा ढगाळ दिवसही ते चुकवायला पुरेसा होतो.