विमा कंपनीचा वकील कोर्टात उभा राहतो, पण तो तुमचा वकील असतो का?

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. कोशाच्या कापडासाठी हे गाव ओळखलं जातं. समजा, इथल्या एका विणकर कुटुंबाने माल ने-आण करायला एक छोटा पिकअप घेतला. विमा काढला, हप्ता वेळेवर भरला आणि गाडीवर ड्रायव्हर ठेवला. एक दिवस भंडारा-तुमसर रस्त्यावर त्या पिकअपची दुचाकीला धडक बसली आणि दुचाकीस्वाराचा जीव गेला.

काही महिन्यांनी घरी समन्स आलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा दावा लागला होता. गैरअर्जदार क्रमांक 1 गाडीमालक आणि गैरअर्जदार क्रमांक 2 विमा कंपनी. मालक घाबरला, पण गावातल्या चार जणांनी धीर दिला, "भाऊ, विमा आहे ना? मग कंपनीचा वकील बघून घेईल."

मालक तारखेला गेलाच नाही. निकाल लागला तेव्हा कळलं की भरपाई आधी कंपनीने द्यायची, पण ती रक्कम कंपनीने नंतर मालकाकडून वसूल करायची. मालकाविरुद्ध हा मुद्दा मांडला होता कंपनीच्याच वकिलाने!

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यामागचे नियम अगदी खरे आहेत. "विमा आहे म्हणजे वकील आहे" या एका गैरसमजापायी गाडीमालकांवर लाखोंची वसुली येऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी बघू, कोर्टखर्चाचा विमा ही भानगड काय आहे?

युरोपात कोर्टकचेरीच्या खर्चाचा वेगळा विमा मिळतो. तुमचा कुणाशी वाद झाला तर वकिलाची फी आणि कोर्टाचा खर्च विमा कंपनी भरते. याची सुरुवात फ्रान्सच्या ल मान्स शहरातली मानली जाते. तिथे 1917 मध्ये वाहनचालकांसाठी अशा विम्याची संस्था सुरू झाली.

पण लवकरच एक प्रश्न उभा राहिला. पैसे कंपनी देणार, वकीलही कंपनीच नेमणार. मग तो वकील नक्की कुणाचं ऐकणार? केस लढली तर खर्च वाढतो आणि तडजोड केली तर कंपनीचे पैसे वाचतात. त्यामुळे ग्राहकाचं हित आणि कंपनीचं हित प्रत्येक वेळी एकच असेल असं नाही.

यावर 1987 मध्ये युरोपीय समुदायाने एक नियम केला. प्रकरण कोर्टात गेल्यावर किंवा कंपनी आणि ग्राहक यांचे हितसंबंध आड आल्यावर ग्राहकाला स्वतःचा वकील निवडता आला पाहिजे. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने हा हक्क पुन्हा ठामपणे मान्य केला. कंपनी म्हणत होती की बाहेरचा वकील लागतो की नाही हे आम्ही ठरवणार. न्यायालयाने ते मान्य केलं नाही.

भारतात सामान्य ग्राहकासाठी असा स्वतंत्र विमा अजून रुळलेला नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्यात, कंपनी संचालकांच्या पॉलिसीत किंवा सायबर विम्यात कोर्टखर्चाचं कलम दिसतं. पण कोर्टाशी संबंधित एक विमा अनेक घरांत आहे, तो म्हणजे गाडीचा थर्ड पार्टी विमा.

गाडीच्या पॉलिसीत वकिलाबद्दल काय लिहिलेलं असतं?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला किंवा कुणी जखमी झालं तर भरपाई देण्यासाठी हा विमा असतो.

पॉलिसीचे ते बारीक अक्षरातले कागद सहसा कुणी वाचत नाही. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात.

पहिली, अपघात झाला की कंपनीला लगेच लेखी कळवायचं आणि कोर्टाची नोटीस किंवा समन्स मिळताच तेही कंपनीकडे पाठवायचं. ही जबाबदारी तुमची आहे.

दुसरी, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही.

तिसरी आणि खरी मेख इथेच आहे. कंपनीची इच्छा असेल तर ती तुमच्या नावाने बचाव चालवू शकते. म्हणजे तसा अधिकार कंपनीला आहे. पण प्रत्येक प्रकरणात ती तुमच्यासाठी वकील देईलच, अशी हमी त्या कलमात नाही.

प्रत्यक्षात काय होतं? दाव्यात मालक आणि कंपनी हे दोन वेगळे गैरअर्जदार असतात. कंपनीचा वकील बहुतेक वेळा फक्त कंपनीचं वकीलपत्र दाखल करतो. मालकाची बाजू मांडायला दुसरं कुणी नसेल तर ती जागा रिकामीच राहते.

मग हा वकील आपल्या बाजूचा की विरोधातला?

खरं उत्तर असं आहे की तो अर्धा तुमच्या बाजूचा आणि अर्धा विरोधातला असतो.

अपघात नक्की कुणाच्या चुकीने झाला, समोरच्या दुचाकीस्वाराचीही चूक होती का, भरपाईची रक्कम जास्त मागितली आहे का, या मुद्द्यांवर तुमचं आणि कंपनीचं हित एकच असतं. रक्कम कमी झाली तर दोघांचाही फायदा.

पण ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स होतं का, गाडीला परमिट होतं का, पॉलिसीच्या अटी मोडल्या का, हे प्रश्न आले की चित्र पालटतं. कलम 150 (पूर्वीचं कलम 149) कंपनीला हे बचाव घेण्याची मुभा देतं. अट मोडल्याचं सिद्ध झालं तर फायदा कंपनीचा आणि तोटा तुमचा. इथे कंपनीचा वकील सरळ तुमच्या समोर उभा असतो. यात तो काही गैर करत नाही, कारण त्याचा पक्षकार कंपनी आहे.

त्यात कलम 170 ची भर पडते. मालक दाव्याला विरोध करायला आलाच नाही किंवा त्याने अर्जदाराशी संगनमत केलं, तर न्यायाधिकरण कारणं नोंदवून कंपनीला सगळ्या मुद्द्यांवर लढण्याची परवानगी देऊ शकतं. म्हणजे मालक घरी बसला की सगळा खेळ कंपनीच्या हातात जातो.

'आधी द्या, मग वसूल करा' म्हणजे काय?

अपघातात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाने मालक आणि कंपनीच्या भांडणात का अडकावं? या विचारातून कोर्टांनी एक मार्ग काढला. अट मोडली असली तरी कंपनीने आधी कुटुंबाला पैसे द्यायचे आणि नंतर मालकाकडून वसूल करायचे. यासाठी कंपनीला नवा दावा लावण्याचीही गरज नसते, वसुली त्याच प्रकरणात होऊ शकते.

2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरण सिंग' या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. नुसतं लायसन्स खोटं किंवा संपलेलं निघालं म्हणून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने निष्काळजीपणा केला, पुरेशी काळजी घेतली नाही, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. मालकाने लायसन्स पाहिलं, ड्रायव्हरला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर प्रत्येक वेळी आरटीओत जाऊन ते खरं आहे का हे तपासण्याची अपेक्षा नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं.

म्हणजे मालक निर्धास्त? तसं नाही. 2018 च्या एका प्रकरणात ट्रकमालकाने विम्याचा कागद तेवढा दाखल केला. स्वतः साक्ष दिली नाही आणि ड्रायव्हरचं लायसन्सही सिद्ध केलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती पॉलिसी दाखवून भागत नाही, गाडी अधिकृत आणि वैध लायसन्स असलेला माणूस चालवत होता हे आधी मालकाने समोर आणलं पाहिजे. तिथेही आदेश तोच झाला, कंपनीने द्यावं आणि मालकाकडून वसूल करावं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की कायदा मालकाला वाचवायला तयार दिसतो. पण त्यासाठी मालकाने कोर्टात येऊन बोललं पाहिजे.

छोट्या मालवाहू गाड्यांसाठी आणखी एक निकाल कामाचा आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. आंधळगावच्या त्या पिकअपच्या ड्रायव्हरकडे असं लायसन्स असतं, तर मालकाच्या वकिलाने हा एकच मुद्दा मांडून वसुली टाळली असती. पण मुद्दा मांडायला तिथे कुणी होतंच कुठे?

समन्स आलं तर काय करायचं?

एक, समन्सची प्रत लगेच कंपनीला लेखी पाठवा आणि पोच घ्या. एजंटला फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे.

दोन, कंपनीला लेखी विचारा, "माझा बचाव तुम्ही करणार आहात का?" कंपनीचा वकील भेटला तर त्याला सरळ विचारा, "वकील साहेब, तुमचं वकीलपत्र कुणाचं आहे? त्यावर माझी सही आहे का?" तुमची सही नसेल तर तो तुमचा वकील नाही. आणि लायसन्स किंवा परमिटवरून वाद असेल, तर सही असली तरी स्वतःचा वेगळा वकील घेणंच बरं.

तीन, तारखेला हजर राहा आणि लेखी जबाब द्या. लायसन्स, परमिट, फिटनेस, आरसी आणि पॉलिसी यांच्या प्रती जोडा. ड्रायव्हरला कामावर ठेवताना त्याचं लायसन्स पाहिलं होतं हे साक्षीत सांगा.

चार, प्रकरण एकतर्फी झालं असेल तर पुरेसं कारण दाखवून तो आदेश रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. उशीर जितका कमी, तितकं बरं. अंतिम निकालाविरुद्ध 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. भंडाऱ्यासाठी ते नागपूर खंडपीठात होतं.

लक्षात ठेवा, ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा असतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ती शिक्षा किंवा दंड विमा कंपनी भोगत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार मोफत वकील मिळतो. दावा लावायचा असो किंवा आपल्यावर लागलेल्या दाव्यात बचाव करायचा असो, दोन्हीसाठी. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. गाडी घरातल्या बाईच्या नावावर असेल तर उत्पन्न न बघता तिला हा हक्क आहे.

अर्ज भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. 15100 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. या वकिलाची फी प्राधिकरण देतं, तो तुमच्याकडून पैसे मागू शकत नाही. मागितले किंवा काम नीट केलं नाही तर प्राधिकरणाकडे तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

तक्रार कुठे करायची?

मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे वकिलाने केस बिघडवली म्हणून त्याच्यावर ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते.

विमा कंपनी मात्र ग्राहक कायद्यात येते. समन्स कळवूनही कंपनीने दाद दिली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा. उपयोग झाला नाही तर विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, 155255 हा क्रमांक आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. पण ज्या विषयावर कोर्टात खटला सुरू आहे, तो विषय लोकपाल घेत नाहीत. म्हणून तक्रारीच्या भरवशावर तारीख चुकवू नका.

थोडक्यात काय, तर विमा पैशांचं ओझं उचलू शकतो, पण कोर्टात तुमच्या वतीने बोलणारा माणूस तो आपोआप देत नाही. आज गाडीची पॉलिसी एकदा उघडून अटी वाचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स त्याच फाइलला लावून ठेवा. समन्स आलंच, तर पहिल्या तारखेला तो कागद तुमच्या हातात असेल.